पाण्याची पाळी आणि संगणकातील कालावधी

दौंड तालुक्यातील पाटस परिसराच्या शेतीला खडकवासला प्रकल्पाच्या नव्या मुठा उजव्या कालव्याचा आधार आहे. वेळ ठरवून दिलेल्या शेजपाळीत प्रत्येक शेताची पाळी कागदावर नोंदलेली असते. ‘१५ जानेवारी, रात्री १० ते पहाटे ४’ एवढे पाटकऱ्याला पुरते. हीच नोंद एका संगणकभाषेतील आज्ञावलीकडून दुसऱ्या भाषेतील आज्ञावलीकडे पाठवावयाची असेल, तर मात्र ती अपुरी ठरते.

प्रत्येक संगणकभाषा काळ आपापल्या परीने मोजते. जावास्क्रिप्ट १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासूनचे सहस्रांश सेकंद मोजते. पायथनमध्ये हीच मोजणी सेकंदांत होते. सेकंदांचा आकडा सहस्रांश समजून वाचला गेला, तर आजची पाळी जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडते! म्हणून नुसता आकडा न पाठविता आय.एस.ओ. ८६०१ या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार वर्ष, महिना, दिवस, वेळ या क्रमाने मजकूर पाठविणे इष्ट. आरंभ व शेवट यांच्यामध्ये तिरपी रेघ दिली की कालावधी पूर्ण होतो.

त्यासोबत ‘अधिक ५:३०’ हा भारतीय वेळेचा फरक लिहिणे आवश्यक आहे. वरील पाळी जागतिक वेळेत १५ तारखेच्या दुपारी साडेचार ते रात्री साडेदहा अशी होते. फरक गळला, तर पहाटेचे पाणी आदल्या दिवसाच्या खाती जमा होते.

खरी अडचण शेवटच्या टोकाची आहे. पहाटेचे ४ हे या शेताचे की पुढच्या? आरंभ धरावा, शेवट धरू नये, हा नियम दोन्ही बाजूंनी मान्य केल्यास पाळ्या एकमेकींवर चढत नाहीत. रब्बी हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो. परंतु शेवट म्हणून ‘२८ फेब्रुवारी’ एवढेच पाठविले, तर काही आज्ञावल्या त्या दिवसाची सुरुवातीची मध्यरात्र धरतात आणि २८ तारखेची सर्व पाळी हंगामाबाहेर जाते. त्याऐवजी ‘१ मार्चच्या आरंभापर्यंत’ असे पाठविल्यास लीप वर्षाचाही प्रश्न सुटतो.

जुन्या दप्तरातील नोंदी संगणकात आणताना वेळक्षेत्राचे नावही जोडावे. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात भारतातील घड्याळे तासभर पुढे केलेली होती. त्या काळच्या नोंदींना साडेपाच नव्हे, साडेसहा तासांचा फरक लागू पडतो.