वीस किलो म्हणजे किती?
(पॉवरलिफ्टिंगच्या व्यायामशाळेची साधने : एक टिपण)

गेल्या हिवाळ्यात माझा एक वर्गमित्र आंतरमहाविद्यालयीन पॉवरलिफ्टिंग स्पर्धेला गेला. त्याआधीच्या महिन्यात आपल्या जिमखान्याच्या व्यायामशाळेत त्याने १६० किलोची डेडलिफ्ट पाच-सहा वेळा केलेली आम्ही सर्वांनी पाहिली होती, तीही हसतखेळत. म्हणून स्पर्धेत त्याने पहिलाच प्रयत्न १६० किलोंचा सांगितला. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत आला आणि तेथेच थांबला. या खेळात प्रयत्न फसला तरी पुढच्या प्रयत्नात वजन कमी करता येत नाही. दुसरा व तिसरा प्रयत्नही त्याला १६० वरच करावा लागला आणि दोन्ही फसले. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तिन्ही प्रकारांत निदान एकेक उचल मान्य झाली तरच एकूण बेरीज धरतात. त्यामुळे पहिल्या दोन प्रकारांत चांगली कामगिरी करूनही त्याचे नाव निकालात लागलेच नाही.

परतताना एस.टी.त तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. कोणी म्हणाले, स्टेजवर घाबरला. कोणी म्हणाले, आदल्या रात्री जागला. मला निराळीच शंका येत होती. पुढच्या रविवारी शिपाईमामांकडून किल्ली मागून घेतली आणि आम्ही चौघांनी तो बार व त्याच प्लेटा हातगाडीवर घालून बाजारपेठेतल्या भंगाराच्या दुकानात नेल्या.

"विकायच्यात का रे पोरांनो? कॉलेजच्या दिसतायत. चिठ्ठी आणलीय का?" दुकानदार काकांनी संशयाने विचारले.

"विकायच्या नाहीत काका, नुसतं वजन करायचंय."

त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आम्ही एकेक प्लेट ठेवत गेलो. वीस किलो असे अक्षर उमटलेल्या सहा प्लेटांची वजने अशी भरली : १८.४, १८.९, १९.१, १८.६, २०.७ आणि १९.०. दहाच्या दोन प्लेटा ९.३ आणि ९.६. ज्याला आम्ही इतकी वर्षे वीस किलोचा बार म्हणत होतो तो १६.२. सगळ्याची बेरीज १४९.८ किलो! म्हणजे माझ्या मित्राने १६० कधी उचललेच नव्हते. त्याला कोणी फसवले नव्हते; त्याच्या व्यायामशाळेने त्याला खोटा आकडा शिकवला होता, एवढेच.

यंदा व्यायामशाळेच्या साधनांसाठी काही रक्कम मंजूर झाल्याचे आपण सूचनाफलकावर वाचलेच असेल. त्या निमित्ताने बरीच चर्चा चालू आहे आणि एका विक्रेत्याचे चकचकीत माहितीपत्रक हातोहात फिरत आहे. त्यातल्या बारा जणांनी एकाच वेळी व्यायाम करायच्या यंत्रावर बऱ्याच मित्रांचा जीव जडला आहे. माझे मत वेगळे आहे. ते नुसते मत राहू नये म्हणून या खेळाचे नियम काढून वाचले, आणि जे समजले ते येथे मांडतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पोलादाविषयी लिहावे याचे प्राध्यापकांना हसू आले तर त्यांनी खुशाल हसावे.

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची स्थापना १९७२ सालची. आज त्याचे नियमपुस्तक साधनांच्या बाबतीत सोनाराइतके काटेकोर आहे. बारचे वजन २० किलो, दोन्ही टोकांच्या कॉलर प्रत्येकी अडीच किलो. म्हणजे रिकामा बारच २५ किलोंचा धरायचा. एकूण लांबी २.२ मीटरपेक्षा जास्त नाही. हाताच्या पकडीची जाडी २८ ते २९ मिलिमीटर. पकडीवर ८१ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा असतात. बेंच प्रेसमध्ये तर्जनी त्या खुणेच्या बाहेर जाता कामा नये. प्लेटचे खरे वजन छापील वजनापेक्षा पाव टक्क्याहून अधिक चुकलेले चालत नाही. वीस किलोच्या प्लेटला ही सूट जेमतेम ५० ग्रॅमची. आमची १८.४ ची प्लेट सोळाशे ग्रॅमने चुकली होती!

प्लेट अशी चुकते कशी? साधी प्लेट म्हणजे ओतीव लोखंड. साचा थोडा सैल बसला, थोडा झिजला, की वजन इकडचे तिकडे होते, आणि ओतल्यानंतर कोणी ते पुन्हा तपासत नाही. स्पर्धेच्या प्लेटला मागच्या बाजूस लहान खळगे ठेवलेले असतात. त्यांत धातू भरून किंवा काढून वजन नेमके करतात. त्या प्लेटा पातळही असतात, म्हणून बारवर जास्त मावतात. त्यांची किंमत मात्र साध्या प्लेटेच्या कितीतरी पट असते. आपल्याला त्या सगळ्या घेणे परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही. साध्या प्लेटा घ्याव्यात, प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवून तिचे खरे वजन पांढऱ्या रंगाने तिच्यावर लिहावे, आणि ज्यांची वजने जवळजवळ सारखी त्यांच्या जोड्या लावाव्यात. २०.७ एका बाजूला आणि १८.४ दुसऱ्या बाजूला अशा त्या रोज चढवल्या जात होत्या. दोन किलोंहून अधिक फरकाने पाठ रोज एका अंगाला ओढली जात होती, आणि आम्ही म्हणत होतो की याच्या उचलण्यातच खोट आहे.

एक गोष्ट मात्र मित्राच्या विरुद्ध नव्हे, त्याच्या बाजूची निघाली. स्पर्धेतली मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, त्यामुळे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्या प्लेटा लहान, ४० सेंटिमीटरच्या. म्हणजे तो रोज अडीच सेंटिमीटर अधिक खालून ओढत होता. तेवढ्याने दहा किलोंची तूट भरून निघाली नाही.

प्लेट रंगवून सुधारता येते. बार सुधारता येत नाही. आपल्याकडचा 'बार' म्हणजे खरे तर एकाच जाडीचा सरळ गज आहे. त्याची टोके फिरत नाहीत. चांगल्या बारच्या टोकांना स्वतंत्र फिरणाऱ्या नळ्या बसवलेल्या असतात. प्लेटा त्या नळ्यांवर बसतात. त्यामुळे प्लेटा डुलल्या तरी पिळा मनगटावर येत नाही. दुसरा मुद्दा पोलादाच्या गुणाचा. भार पडला की प्रत्येक बार वाकतोच, पण चांगला बार भार काढताच सरळ होतो. हलका बार एका मर्यादेपलीकडे वाकला की तसाच राहतो. आपला बार रॅकवर ठेवून फिरवून पाहा : टोके गोल वर्तुळात डोलताना दिसतील. तो कायमचा वाकलेला आहे. नवा बार घेताना दुकानातच ही परीक्षा करावी, आणि विक्रेता नको म्हणाला तर दुकान बदलावे. भारोत्तोलनाचा, म्हणजे ऑलिंपिकमधल्या वेटलिफ्टिंगचा, बार वेगळा असतो. त्याला मुद्दाम लवचिकपणा ठेवलेला असतो आणि त्याच्या खुणा ९१ सेंटिमीटरवर असतात. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून विक्रेते एकाच्या नावावर दुसरा देतात.

जाता जाता सांगायला हरकत नाही : वेटलिफ्टिंगच्या जगात ज्या स्वीडिश एलेइको बारचे एवढे नाव आहे, त्या कारखान्यात पूर्वी वॉफल भाजण्याची विजेची यंत्रे व तसल्या घरगुती वस्तू बनत. बार बनवायला त्यांनी १९५७ मध्ये सुरुवात केली आणि १९६३ च्या स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत त्यांचा बार वापरला गेला.

आता रॅकविषयी, आणि येथे मला स्वतःची फजिती सांगावी लागेल. दोन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी मी एकटाच बेंच प्रेस करीत होतो. शेवटची उचल झाली नाही आणि बार छातीवर येऊन बसला. कॉलर लावलेल्या नसत्या तर बार एका बाजूला कलवून प्लेटा पाडता आल्या असत्या. पण मी शहाण्यासारख्या त्या घट्ट आवळल्या होत्या. ओरडायलाही श्वास पुरेना. मैदानावर कबड्डीच्या सरावाला आलेल्या दोन मुली पाणी प्यायला आत आल्या म्हणून हे टिपण लिहायला मी आहे. त्यांनी दोन बाजूंनी बार उचलला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता पाणी पिऊन निघून गेल्या.

त्या दिवशी तेथे चार खांबांचा रॅक असता तर छातीच्या किंचित खाली आडव्या दांड्या लावता आल्या असत्या आणि बार त्यांच्यावर अडला असता. स्क्वॉटमध्येही तेच, खाली बसल्यावर उठता आले नाही तर बार दांड्यांवर सोडून बाहेर सरकता येते. सोबत दोन माणसे उभी असावीत हे खरेच, पण सकाळी सहा वाजता माणसे मिळतातच असे नाही. हा रॅक परदेशातून मागवायची गरज नाही. पाऊण फुटाच्या एक तृतीयांश, म्हणजे तीन इंची चौकोनी नळी, तिची भिंत निदान तीन मिलिमीटर जाड, भोके पाच सेंटिमीटर अंतरावर, छातीच्या पट्ट्यात अडीचवर, आणि पाय जमिनीत बोल्टने पक्के : एवढे कागदावर काढून दिले तर औद्योगिक वसाहतीतला कोणताही चांगला वेल्डर तो करील. आडव्या दांड्यांत मात्र काटकसर नको.

बेंचचे मापही ठरलेले आहे : उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर, रुंदी २९ ते ३२, लांबी निदान १.२२ मीटर. आपले बेंच ५१ सेंटिमीटर उंच आहे. उंच मुलांना ते जाणवत नाही. बुटक्यांचे पाय मात्र लोंबकळतात, आणि पायांचा आधार गेला की खांद्यांचाही जातो.

फरशीचा प्रश्न प्राचार्यांच्या कानापर्यंत गेलेला आहेच. शहाबादी फरशा फुटल्या आणि तेव्हापासून 'वजन आपटू नये' अशी पाटी लागली. वजन आपटू नये हे योग्य. नियमानेही डेडलिफ्टमध्ये बार हातांत धरूनच खाली ठेवावा लागतो. पण दीडशे किलो कितीही हळू ठेवले तरी फरशीला ते दीडशेच. त्यावर उपाय स्वस्त आहे. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडचे दोन ताव शेजारी, त्यांच्यावर दोन ताव आडवे, आणि प्लेटा टेकतात तेथे जाड रबर. असा सुमारे २.४४ मीटरचा चौरस होतो. स्पर्धेच्या मंचाला निदान अडीच मीटर लागतात. सरावाला सहा सेंटिमीटरने काही बिघडत नाही.

आता ज्या साधनांची मित्रमंडळींत सर्वांत अधिक चर्चा आहे त्यांच्याकडे वळतो : साखळ्या, रबरी पट्टे, वाकडेतिकडे बार आणि पाय मागे झुलवण्याचे ते टेबल. यांतल्या बहुतेकांचा प्रसार अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, वेस्टसाइड बारबेल या व्यायामशाळेतून झाला. ती लुई सिमन्स यांनी चालवली. २०२२ मध्ये ते वारले. हे नाव त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या वेस्टसाइड क्लबवरून घेतले होते. तेथले लोक १९६० च्या दशकात खोक्यावर बसून उठण्याचा स्क्वॉट करीत. १९७३ मध्ये सिमन्स यांच्या कमरेच्या मणक्याला मोठी दुखापत झाली. पोट टेबलावर, पाय खाली मोकळे, आणि पायांना अडकवलेला भार मागे वर उचलायचा, असा व्यायाम त्यातून बरे होताना त्यांनी शोधला आणि पुढे त्याचे यंत्र बनवून पेटंट घेतले. त्यात कमरेच्या स्नायूंना काम मिळते, पण वरून भार पडत नाही.

साखळीचे तत्त्व सोपे आहे. बारला दोन्ही बाजूंनी आठ-आठ किलोंची साखळी लोंबत सोडली की खाली बसताना ती जमिनीवर गोळा होते आणि भार घटतो. उठताना कडी-कडी जमिनीवरून सुटते आणि भार वाढतो. खाली ८० असलेले वजन वर ९० च्या पुढे जाते. मग आपणही साखळ्या आणाव्यात का? येथे एक गोष्ट नजरेआड होते. त्या व्यायामशाळेतले निवडक, आमंत्रित पैलवान मुख्यतः घट्ट शिवलेले विशेष पोशाख घालून स्पर्धा करीत. तो पोशाख खालच्या स्थितीत ताणला जातो आणि माणसाला वर फेकतो. त्यामुळे त्यांची अडचण असे ती वरच्या टप्प्यात, आणि साखळी नेमकी तेथेच भार देते. आपण खेळतो तो क्लासिक प्रकार. त्यात पट्टा, मनगटाच्या पट्ट्या आणि गुडघ्याच्या बाह्या एवढीच मुभा. आपण अडतो ते बहुधा खाली. साखळी आपल्याला मदत करायची तेथेच सूट देते! साधन वाईट नाही. ते दुसऱ्याच्या दुखण्यावरचे औषध आहे.

याच यादीतल्या दोन गोष्टी मात्र मला घ्याव्याशा वाटतात. पहिली म्हणजे खांद्यावर गादी आणि पुढे मुठी असलेला स्क्वॉटचा बार. ज्यांचे खांदे दुखतात त्यांना हात मागे न वळवता बैठक मारता येते. दुसरी ओढगाडी, आणि ती विकत घ्यायचीच नाही. जुने टायर आणि दोर पुरे. आपल्या तालमींत आखाड्याची माती सपाट करताना फळीवर एकाला बसवून दुसरा दोर ओढतो, ते कोलंबसच्या पुष्कळ आधीपासून.

मुलींसाठी स्वतंत्र वेळ मिळावी अशी मागणी आहे, तिचाही साधनांशी संबंध आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये मुलींनाही तोच २० किलोचा बार वापरावा लागतो. शिकताना पहिल्या महिन्यात तो जड पडतो, आणि लहान प्लेटा लावून डेडलिफ्ट केली तर पाठ फार वाकते. म्हणून एक हलका बार आणि मोठ्या व्यासाच्या पाच-पाच किलोंच्या प्लेटा हव्यात. त्याचप्रमाणे सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या प्लेटांच्या जोड्या. स्पर्धेत वजन अडीच किलोंच्या पटीत वाढते. आपल्याकडे सर्वांत लहान प्लेट पाच किलोंची असल्यामुळे आपण एकदम दहाची उडी मारतो आणि महिनोन्महिने तेथेच अडकतो. सर्वांत स्वस्त साधन हेच, आणि माहितीपत्रकात ते शेवटच्या पानावर कोपऱ्यात आहे.

मी आणि माझ्या मित्राने मिळून क्रम लावला तो असा : बार, मग चार खांबांचा रॅक, प्लायवूडचा मंच, लहान प्लेटा, योग्य उंचीचे बेंच, मुलींचा हलका बार, दोन मापांचे कमरपट्टे, मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर. काही उरले तर गादीचा बार. बारा जणांचे यंत्र यादीत नाही, याबद्दल निम्मी व्यायामशाळा आमच्यावर रागावलेली आहे.

यादी जिमखाना समितीकडे दिली आहे. जुन्या प्लेटांवर खरी वजने रंगवून झाली. गेल्या मंगळवारी मित्राने १५४.६ किलो उचलले आणि वहीत १५४.६ असेच लिहिले. नवा माल येईल त्या दिवशी हातगाडी पुन्हा सांगावी लागेल. काट्याचे पैसे घेणार नाही, असे भंगारवाल्या काकांनी आधीच सांगून ठेवले आहे.