लेकराची खूण ओळखा, आईला बोल लावू नका

सख्यांनो, हळदीच्या कामाच्या दिवसांत आपण सकाळपासून रानात असतो. लेकरू आजीजवळ. दोन वर्षांचं झालं तरी ते हाकेला ओ देत नाही, हे लवकर ध्यानात येत नाही. आलं तरी म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता." असं वर्ष निघून जातं. मग बोल सुनेला लागतो, "हिनं लेकराकडं लक्षच दिलं नाही."

हे दोन्ही समज आज सोडू या.

स्वमग्नता म्हणजे काय?
डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. यात मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. ही नजर लागणं नाही, मागच्या जन्माचं पाप नाही, आईची चूकही नाही. एके काळी परदेशातले नावाजलेले डॉक्टरसुद्धा आईच्या मायेला दोष देत. पुढे संशोधनाने ते खोटं ठरवलं.

या खुणा बघा
- वर्षाचं झालं तरी नाव घेतल्यावर वळून बघत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही.
- सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही.
- दोन वर्षांचं झालं तरी "आई ये" असे दोन शब्द जोडत नाही.
- येत असलेले शब्द बोलणं बंद झालं.
- नजरेला नजर देत नाही, तेच ते हातवारे करतं.

एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नता आहेच, असं नाही. कधी ऐकूही कमी येत असतं. म्हणून तपासणी हवी.

आई-बाप काय करू शकतात?
गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ लेकरांवर एक अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोठे तज्ज्ञ नव्हे, तर शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते काही आई-बापांना भेटत. आई लेकराशी खेळताना व्हिडिओ काढत आणि तो तिच्यासोबत बसून बघत. बारा भेटी ठरवल्या होत्या. त्या घरांत आई-बाप लेकराच्या कलाने जास्त वागू लागले आणि लेकरंही आपणहून जास्त बोलावू लागली. आजार गेला नाही, पण लेकरू जवळ आलं.

आपणही घरी हे करू शकतो. दिवसातून थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवून लेकरासमोर खाली बसा. ते वाटी वाजवत असेल, तर हिसकावू नका. तुम्हीही वाजवा, म्हणा, "वाटी! टण टण!" मग गप्प राहून मनात पाचपर्यंत मोजा. त्याने नुसतं बघितलं, आवाज काढला, तरी ते बोलणंच समजा आणि उत्तर द्या. हे काम एकट्या आईचं नाही, बापानं आणि आजीनंही करायचं.

कुठे जायचं?
आधी अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण तोवर थांबू नका. ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथून पुढच्या तपासणीला पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. निदान झालं तर दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा.

बैठकीत बोलू या
आपल्या गटातल्या कोणाचं लेकरू हाकेला वळत नाही का? तिला एकटीला पाठवू नका. एक सखी सोबत जा.