परक्या नगरातील उपासना

शास्त्रपाठ : यिर्मया २९:४-१४, स्तोत्र १३७, इब्री १०:२४-२५
मननासाठी वचन : यिर्मया २९:७

यरुशलेमेहून बाबेलास नेलेल्या लोकांपुढे दोन प्रश्न होते. मंदिर दूर राहिले, मग उपासना कशी करावी? आणि ज्या नगराने आपणास बंदिवान केले, त्याच्याशी कसे वागावे? पहिल्या प्रश्नाची वेदना १३७ व्या स्तोत्रात आहे. दुसऱ्याचे उत्तर यिर्मयाच्या पत्रात आहे. घरे बांधावी, मळे लावावे, मुलाबाळांचे संसार थाटून द्यावे आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रभूजवळ विनंती करावी, असे त्याने कळविले. स्वतःसाठी प्रार्थना करणे सोपे असते. परक्या नगरासाठी करणे सोपे नव्हते.

या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही मॉस्को शहरातील एका मंडळीचा दाखला घेतला आहे. तेथे गेलेले इंग्रज बंदिवान नव्हते, आपखुशीने गेलेले होते, हा फरक ध्यानात ठेवावा. तथापि परक्या भाषेच्या नगरात उपासना कशी टिकवावी, हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही.

१. मंदिर कसे उभे राहिले

इ. स. १५५३ मध्ये रिचर्ड चान्सलर हा इंग्रज दर्यावर्दी उत्तरेकडील समुद्रमार्गाने रशियात उतरला आणि मॉस्कोस पोहोचला. १५५५ मध्ये लंडनला या व्यापारासाठी कंपनी स्थापन झाली. व्यापाऱ्यांच्या मागोमाग कुटुंबे गेली, आणि कुटुंबांबरोबर बाप्तिस्मा, लग्न व मूठमाती यांची गरज आली. १६३३ मध्ये परदेशांतील इंग्रज मंडळ्यांची देखरेख लंडनच्या बिशपांकडे सोपविण्यात आली. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात समुद्रावर म्हणावयाच्या प्रार्थनाही घालण्यात आल्या. माणसे जेथे जातील तेथे उपासना गेली पाहिजे, हा विचार त्यामागे होता.

मॉस्कोतील आजचे सेंट अँड्र्यूज चर्च १८८४ मध्ये बांधून पुरे झाले. रिचर्ड निल फ्रीमन या इंग्रज शिल्पकाराने त्याचा नकाशा केला. लाल विटांची ही इमारत पाहून इंग्लंडमधील एखाद्या गावचेच मंदिर उचलून आणले आहे की काय, असे वाटावे.

२. नियमितपणा कशावर टिकतो

परदेशी लोकांच्या मंडळीत स्थैर्य थोडे असते. वकिलातीतील अधिकाऱ्याची बदली होते, विद्यार्थ्याचे शिक्षण संपते, व्यापाऱ्याचा करार सरतो. नाताळाला शेजारी बसलेला बंधू पुनरुत्थानाच्या सणाला दिसेलच असे नाही. मग अशी मंडळी टिकते कशी?

तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, ठरलेला उपासनाक्रम. पापांगीकार, शास्त्रपाठ, मतांगीकार, प्रार्थना व प्रभुभोजन यांचा क्रम ठाऊक असल्यामुळे लागोसहून किंवा चेन्नईहून आलेला मनुष्य पहिल्याच रविवारी मंडळीबरोबर उत्तरे देऊ शकतो. दुसरी, ठरलेला दिवस व वेळ. नव्याने आलेल्यास कोणी बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही. तिसरी, साध्या सभासदांची सेवा. पाळक नसला तर प्रभुभोजन होत नाही, परंतु सकाळची किंवा संध्याकाळची प्रार्थना नेमलेला सभासदही चालवू शकतो. इब्रीकरांस पत्र लिहिणारा एकत्र मिळणे सोडू नये असे सांगतो. तो आज्ञा पाळकापुरती ठेवत नाही.

३. मंदिर गेले तेव्हा

१९१७ साली रशियात क्रांती झाली. १९२० मध्ये मॉस्कोतील चॅप्लेनला देश सोडावा लागला व मंदिर बंद झाले. पुढे त्या इमारतीत लोक राहू लागले, आणि नंतर ‘मेलोदिया’ या सरकारी कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ तेथे आला. वेदी गेली, बाके गेली. ज्या छताखाली गीते घुमत, तेथे वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका तयार होऊ लागल्या.

तरी उपासना अगदीच लोपली नाही. सोव्हिएत काळाच्या उत्तरार्धात फिनलंडमधील हेलसिंकीच्या चॅप्लेनकडे मॉस्कोतील अँग्लिकनांचीही जबाबदारी असे. मंदिर हातचे गेले, तरी मंडळी देवाच्या हातातून गेली नव्हती. १९९१ मध्ये त्याच इमारतीत पुन्हा उपासना सुरू झाली. स्टुडिओ अजून तेथेच होता, तरी लोक जमले. १९९४ मध्ये राणी एलिझाबेथ रशियाच्या भेटीस गेल्या, तेव्हा त्यांनी या मंदिरासही भेट दिली.

१९२० पासून १९९१ पर्यंत एकाहत्तर वर्षे होतात. यिर्मयाच्या पत्रातही सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. आकडे जुळवून भाकीत सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्यांनी दार बंद होताना पाहिले, त्यांतील बहुतेकांनी ते उघडताना पाहिले नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. आपण ज्याची फळे चाखणार नाही, त्या विश्वासूपणातही देव आपणास बोलावतो.

४. एक धोका

अशा मंडळीला एक मोह नेहमी असतो. आपल्या भाषेची, आपल्या देशाची माणसे भेटतात म्हणून यावे, आणि हळूहळू उपासना बाजूला राहून केवळ मेळावा उरावा. गावची आठवण काढणे हे पाप नव्हे. परंतु दाराबाहेरच्या नगराची आठवणच राहिली नाही, तर यिर्मयाचे पत्र आपण अर्धेच वाचले म्हणायचे.

याचे उदाहरण आपल्याजवळही आहे. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी उघडले, ते इंग्रज रहिवाशांसाठी. कोटाच्या ज्या वेशीतून तिकडे रस्ता जाई, तिचे चर्चगेट हे नाव आज स्टेशनाला आहे. बांधणाऱ्यांचे राज्य गेले, त्यांची घरे गेली, पण उपासना राहिली. आज ते उत्तर भारतीय मंडळीचे, म्हणजे या देशातील लोकांचे मंदिर आहे. परदेशी लोकांनी आपल्यापुरते लावलेले झाड देवाने नगरासाठी राखले.

इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठीत उपासना करणाऱ्या आपण याचा विचार करावा. आपण तेथे परके राहिलो नाही, तेथे आपली घरे आहेत, कबरा आहेत. मराठी गीते व मराठी शास्त्र ही आपली ठेव आहे, ती जपावीच. पण रविवारच्या प्रार्थनेत त्या नगराचे दवाखाने, शाळा, कामगार व अधिकारी यांची नावे येतात काय? शेजारची गुजराती, तेलुगू किंवा कानडी बोलणारी भगिनी दाराशी आली, तर तिला गीताचे पान कोण काढून देतो?

शब्बाथशाळेत चर्चेसाठी

१. यिर्मयाने बाबेलच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्यास का सांगितले असावे?
२. मॉस्कोतील मंदिर बंद होते तेव्हा मंडळीचे काय उरले?
३. पाळक सुटीवर असताना आपल्या मंडळीत उपासना कोण चालवील?
४. मुलांकडून आपल्या नगरातील पाच गरजा लिहून घ्याव्या व येत्या रविवारी एकेका मुलाने एकेका गरजेसाठी प्रार्थना करावी.

प्रार्थना : हे प्रभो, जेथे तू आम्हांस ठेविले आहेस तेथे तुझी उपासना करण्यास आम्हांस नियमित कर, आणि आमच्या नगरास आमच्यामुळे आशीर्वाद मिळू दे. आमेन.