खोल बर्फासाठी रुंद स्की: खरा खर्च किती?

यूटा, कोलोराडो किंवा वॉशिंग्टनमध्ये राहता, साध्या उतारावर स्कीइंग नीट जमतं आणि आता गुडघाभर ताज्या बर्फात उतरायचंय, तर रुंद स्की लागतील. नव्या जोडीवर साधारण ६०० ते ९०० डॉलर किंमत लिहिलेली दिसेल. ही बहुतेक वेळा नुसत्या स्कीची किंमत असते. बूट अडकवायचं बाइंडिंग वेगळं, २०० ते ३५० डॉलर. ते बसवण्याची मजुरी ५० ते १००. वर विक्रीकर; तो ऑरेगन आणि मोंटानात नाही, यूटा, कोलोराडो, वॉशिंग्टन, कॅलिफोर्नियात आहे. म्हणजे ६०० ची जोडी वापरायला तयार होईपर्यंत ९०० ला जाते.

म्हणून आधी भाड्याचा हिशेब करा. चांगल्या रुंद स्कीचं भाडं रिसॉर्टच्या दुकानात दिवसाला साधारण ६० ते ९० डॉलर. मोसमात तीन-चारच दिवस ताजा बर्फ तुमच्या वाट्याला येत असेल, तर भाड्यानेच घ्या. सहा-सात दिवस जाणार असाल, तर वापरलेल्या जोडीचे पैसे एकाच हिवाळ्यात वसूल होतात. भाड्याने घेताना फोटो असलेलं ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड लागतं. बिलात मोडतोडीचं संरक्षण आपोआप जोडलेलं असू शकतं. सही करण्याआधी विचारा. फॉर्मवर वजन, उंची, वय खरं लिहा. पडल्यावर बूट किती जोराने सुटेल हे त्यावरून लावतात. वजन चार किलो कमी किंवा जास्त लिहिलंत तर भोगतो तो गुडघा.

रुंदी मोजतात ती स्कीच्या मधोमध, बुटाखाली. पहिली जोडी १०५ ते ११२ मिलिमीटरची घ्या. १२० ची स्वस्तात मिळाली तरी थांबा: दुपारपर्यंत उतार तुडवून घट्ट झाला की ती एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळवताना पाय भरून येतात. लांबी तुमच्या उंचीइतकी. टोकं बरीच वर उचललेली असतील तर पाचेक सेंटिमीटर जास्त चालेल.

स्वस्त आणि चांगली जोडी कुठे मिळते? दुकानांच्या भाड्याच्या ताफ्यात. मोसम संपत आला की, मार्च-एप्रिलमध्ये, ही दुकानं आपल्या स्की बाइंडिंगसकट ३०० ते ५०० डॉलरना काढतात. त्यांचं बाइंडिंग पट्टीवर सरकतं, त्यामुळे वेगवेगळ्या मापाच्या बुटांना जुळतं; साधारण सारख्या उंचीचे नवरा-बायको, दर वेळी बाइंडिंग आपापल्या वजनाप्रमाणे पुन्हा लावून घेऊन, एकच जोडी आळीपाळीने वापरू शकतात. ते थोडं जड असतं, पण पहिल्या जोडीला माझी पसंती यालाच. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये स्की क्लब आणि शाळा जुन्या सामानाचे बाजार भरवतात, तिथेही पाहा. सॉलोमन क्यूएसटी १०६, आता बनत नसलेली रॉसिन्योल सोल ७, ब्लिझर्ड रस्टलर ११ यांच्या मागच्या वर्षांच्या जोड्या सहज सापडतात. एप्रिलनंतर भाव आणखी उतरतो, पण तुमच्या मापाची जोडी उरलेली नसते.

जुनी जोडी हातात घेऊन तपासा. लोखंडी कड बोटाने चाचपा. वरवरचा गंज निघतो, तडा मात्र जात नाही. तळाला आतलं लाकूड दिसेल इतकी खोल खोच असेल तर सोडून द्या. बाजूचे थर सुटू लागले असतील तरीही सोडा.

आता लपलेला खर्च. बाइंडिंगच्या कंपन्या दरवर्षी आपण जबाबदारी घेत असलेल्या मॉडेलांची यादी काढतात. तुमचं बाइंडिंग त्या यादीत नसेल तर दुकान त्याला हातही लावत नाही, मग शंभर डॉलरची ‘बाइंडिंगसकट’ जोडी घेऊन उपयोग काय? पैसे देण्याआधी मॉडेलचं नाव दुकानाला फोनवर सांगा. दुसरं, ब्रेक. ते स्कीच्या रुंदीइतके किंवा फार तर १५ मिमी जास्त रुंद हवेत. जुन्या अरुंद स्कीवरचं बाइंडिंग काढून नव्या रुंद स्कीवर लावायला जाल, तर ब्रेक बसणारच नाही. नवे ब्रेक साधारण ३० ते ६० डॉलर, आणि काही बाइंडिंगचे सुटे मिळतच नाहीत. तिसरं, तुमच्या बुटाला नव्या पद्धतीचा गोलसर ‘ग्रिपवॉक’ तळ असेल, तर जुनं बाइंडिंग त्याला चालतं का ते विचारा. चौथं, भोकं. एकदा बाइंडिंगसाठी स्कीला भोकं पाडली की दुकान ती परत घेत नाही, म्हणून माप आणि मॉडेल पक्कं झाल्याशिवाय बसवायला देऊ नका. आधीच दोनदा-तीनदा भोकं पडलेली जोडी घेऊच नका.

बसवायला बूट सोबत न्या, जमल्यास डिसेंबरच्या आधी. एरवी एक-दोन दिवसांचं काम नाताळच्या गर्दीत आठवडाभर रखडतं. बिल जपून ठेवा; वॉरंटी साधारणपणे पहिल्या खरेदीदारालाच असते.

रुंद स्की हिमस्खलनापासून वाचवत नाही. रिसॉर्टच्या हद्दीबाहेर जाणार असाल तर बीकन, फावडं आणि शोधकाठी हवीच; नवा संच साधारण ३५० ते ५०० डॉलर, शिवाय ती वापरण्याचं प्रशिक्षण. हे पैसे नसतील तर हद्दीत राहा. यूटामध्ये त्या दिवसाचा धोका यूटा अॅव्हलांच सेंटर फुकट सांगतं.

आणि तुम्ही भारतात असाल तर: पुण्या-मुंबईहून काश्मीरमधल्या गुलमर्गला जाणाऱ्यांनी जोडी विकत घेऊ नये. १८० सेंटिमीटरचं सामान विमानात नेण्याचे नियम आणि दर कंपनीगणिक वेगळे, आणि बर्फवृष्टीत श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात. तिथे भाड्यानेच घ्या, पण रुंद स्की मोजक्याच असतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारीसाठी आधी फोन करून ठेवा. गंडोल्याच्या (तिथल्या केबल कारच्या) वरच्या टप्प्यावरून उतरणार असाल तर वाटाड्या घ्याच: फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ या दोन्ही वेळी तिथल्या हिमस्खलनांत परदेशी स्कीपटू दगावले. बूट शक्यतो स्वतःचे न्या आणि टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली तळव्याची लांबी दुकानाला बुकिंगच्या वेळीच कळवा.