अश्वशक्ती गेली कुठे?



अमेरिकेत १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे भले मोठे इंजिन बसवून ‘जीटीओ’ ही गाडी आणली. अशा गाड्यांना ‘मसल कार’, म्हणजे जणू पैलवान गाड्या, म्हणू लागले. तिथले शौकीन आजही हळहळतात, “१९७२ नंतर गाड्यांत दम राहिला नाही!”

हे कितपत खरे? शेव्हरोले कॅमारो झेड-२८ चे आकडे पाहा :

१९७० – ३६० अश्वशक्ती
१९७१ – ३३०
१९७२ – २५५

पहिली घट खरी आहे. प्रदूषण कमी व्हावे म्हणून कमी शिशाचे पेट्रोल वापरायचे ठरले. त्यासाठी इंजिनात मिश्रण दाबण्याचे प्रमाण ११ वरून ९ वर आणले.

दुसरी घट मात्र मुख्यतः कागदावरची. पूर्वी एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न लावता नुसत्या इंजिनाची शक्ती मोजत. १९७२ पासून हे सर्व लावून मोजू लागले. डब्यासकट तुपाचे वजन केले, मग डब्याचे वजन वजा केले, तर तूप कमी होते का?

१९७३ च्या तेलसंकटानंतर मोठी इंजिने खरोखरच मागे पडली. पण तो पुढचा भाग.

पालकहो, “आमच्या वेळी ६० टक्के म्हणजे केवढे!” असे आपण मुलांना ऐकवतो. मुलांनो, तेव्हा नम्रपणे जरूर विचारा : मोजमाप तेच होते का?