कपाशीच्या शेतीत नोंदवहीचे मोल

यवतमाळ जिल्ह्यात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्यास पालटते. जुना गडी जातो आणि कोणत्या वावरात पाणी साचते, कोणत्या धुऱ्याकडून कीड प्रथम शिरते, ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. मालकाने ती लिहून ठेवलेली नसते. बियाण्याची पावती मात्र जपलेली असते!

गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घ्यावे. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून त्यांत अडकलेले पतंग रोज सकाळी मोजावेत व आकडा वहीत टिपावा. सलग ३ रात्री दर सापळ्यास सरासरी ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा. आकडा त्याखाली असेल व फुलांत, बोंडांतही अळी नसेल, तर ती फवारणी टळते. औषधाचा व मजुरीचा पैसा घरात राहतो. शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपणही उचलणे, यास हिशेब म्हणता येत नाही.

२०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषाच्या प्रकारानुसार उपचार बदलतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधाच्या विषबाधेवर ॲट्रोपिन देतात. ते प्रत्येक विषावर चालत नाही. म्हणून औषधाचे नाव, प्रमाण, वेळ व फवारणाऱ्याचे नाव पंप भरण्यापूर्वीच लिहावे. दोन औषधे मिसळली असल्यास तेही लिहावे. रुग्णास दवाखान्यात नेताना लेबलासह डबा व वही दोन्ही बरोबर न्यावीत.

वही वावरातील कोठ्यातच खुंटीस टांगावी व शेजारी पेन्सिल बांधावी. घरच्या पेटीत ठेवलेली वही संध्याकाळी कोणी उघडत नाही.