थर्मल कॅमेरा : उपयोग आणि मर्यादा

रुग्णालयास थर्मल कॅमेरा भेट द्यावा काय, अशी विचारणा देणगीदारांकडून होते. म्हणून हे टिपण.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशात त्यांचा शोध लावला. डोळ्यांस न दिसणाऱ्या या किरणांनी कॅमेऱ्यातील संवेदक तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि संगणक त्या फरकास रंग देतो. कोविडकाळात कपाळासमोर धरले जाणारे तापमापक याच किरणांवर चालत. क्ष-किरणांप्रमाणे येथे शरीराच्या आरपार काही जात नाही. दिसते ते केवळ त्वचेचे तापमान.

रक्तप्रवाह वाढला की त्वचा उष्ण होते, यावरून दाहाचा संकेत मिळू शकतो. परंतु तलासरीच्या पाड्यावरून उन्हात चालत आलेल्या भगिनीची त्वचा मुळातच तापलेली असते. तिला आधी थंड खोलीत विसावा द्यावा लागतो. खोलवरची लहान गाठ तर त्यातूनही निसटू शकते. ही तपासणी मॅमोग्राफीला पर्याय नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले आहे. म्हणून कुटुंबीयांस आमची विनंती : हातास गाठ लागत असेल, तर चित्र निर्दोष आले तरी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

कॅमेऱ्याचा निःसंशय उपयोग विद्युत फलकांच्या तपासणीत आहे. तारेचा सैल जोड पेट घेण्यापूर्वी तापतो आणि चित्रात उजळून दिसतो. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. त्या स्मरणाने आम्ही म्हणतो : कॅमेरा अवश्य द्यावा, मात्र त्याने प्रथम आमच्या भिंती तपासाव्यात.